शंभरातल्या त्रेसष्ट पलट्या

एम.ई.च्या मुलांचे प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की आमच्या ई अँड टीसी विभागात दरवर्षी एखादा तरी सिनॉप्सिस केऑसचा असायचाच. त्याला कारणही तसंच होतं. २००३च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हातात ठेवायला सुरुवात केली आणि सीडीएमए ही अक्षरं पुण्यात रिक्षावाल्यांच्याही तोंडी आली. पुढची काही वर्षं प्रत्येकाला सीडीएमएमध्ये काहीतरी करायचं असे. त्याच वेळी केऑसवरची लोकप्रिय पुस्तकं हॉस्टेलमधून फिरत होती. या दोन्हींचं लग्न लावणारा विषय म्हणजे केऑसमधून स्प्रेडिंग कोड तयार करणं. गाईड म्हणून मी हा विषय बरीच वर्षं सांभाळला. सुरुवातीला उत्साहाने, मधली काही वर्षं वैतागून, आणि नंतर पुन्हा उत्साहाने, पण त्या दुसऱ्या उत्साहाचं कारण अगदी वेगळं होतं.

आधी मुळातली गोष्ट. सीडीएमएच्या मुळाशी असलेल्या स्प्रेड स्पेक्ट्रममध्ये माहितीचा एक बिट जसाच्या तसा पाठवत नाहीत. त्याला अधिक-एक आणि उणे-एक यांच्या एका लांबलचक माळेने गुणतात. माळेतल्या प्रत्येक मण्याला चिप म्हणायचं. रिसीव्हरकडे तीच माळ असते. तो पुन्हा गुणतो आणि बेरीज करतो. ३१ चिपची माळ असेल तर आपल्याच सिग्नलची बेरीज ३१ येते, परक्याची कुठेतरी शून्याच्या आसपास. या बेरजेवर सगळा डोलारा उभा आहे. रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७मध्ये दाखवलेल्या कोडांत ही परकी बेरीज किती येईल याची हमी असते. ३१च्या कुटुंबात ती ७, उणे १ किंवा उणे ९, एवढ्यातलंच काहीतरी. जीपीएसचा नागरी सिग्नल याच जातीच्या १०२३ चिपच्या कोडांवर चालतो, आणि आपल्या नाविकचाही. हे कोड बनवायला लागतं काय? दोन शिफ्ट रजिस्टर आणि काही एक्स-ऑर गेट. तिसऱ्या सेमिस्टरचा विद्यार्थी ब्रेडबोर्डवर लावून देतो.

मग केऑसची गरज कुठे पडली? तक्रारी दोन होत्या. एक म्हणजे चणचण. ३१च्या कुटुंबात गोल्ड कोड ३३ आणि ज्यांच्यापासून ते बनतात त्या मूळ माळा फक्त ६. दुसरी म्हणजे गुपित टिकत नाही. जेम्स मॅसी यांनी १९६९मध्ये दाखवलं की शिफ्ट रजिस्टर कितीही मोठं असो, त्याच्या लांबीच्या दुप्पट बिट हाती लागले की पुढचे सगळे बिट कागदावर काढता येतात. याउलट केऑसमध्ये एका ओळीचं समीकरण घ्या, सुरुवातीचा आकडा किंचित बदला, की नवी माळ तयार. कोडांचा साठा अक्षय, आणि अंदाज बांधणं अशक्य. पर्ड्यू विद्यापीठातले हैदरी-बतेनी आणि मॅकगिलेम यांचा यावरचा १९९४चा लेख आमच्या मुलांच्या प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असे.

ते समीकरण म्हणजे लॉजिस्टिक मॅप. नवा क्ष बरोबर चार गुणिले क्ष गुणिले एक वजा क्ष. क्ष अर्ध्यापेक्षा कमी आला तर ० लिहा, जास्त आला तर १. ०.३०० पासून निघालात तर ०, १, १, १, ०, ०, ०, १, ० असे बिट मिळतात. ०.३०१ पासून निघालात तर पहिले आठ बिट हेच, पण नववा ०च्या जागी १, आणि तिथून दोघांचा काही संबंध राहत नाही. मुलांना हे एवढं आवडायचं की सेमिनारच्या स्लाइडवर दोन रंगांच्या रेषा सुरुवातीला एकमेकींवर आणि मग फटकून दूर, हे चित्र ठरलेलंच. मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हरखले होते, नाही कशाला म्हणू?

पुढे मी या मुलांना सिनॉप्सिसवर सही देण्याआधी एक गृहपाठ द्यायला लागले. साधा कॅल्क्युलेटर घ्यायचा, हाच मॅप चालवायचा, पण प्रत्येक पायरीला दशांशानंतर दोनच स्थळं ठेवायची. ०.३० पासून सुरुवात. ०.८४. मग ०.५४. मग ०.९९, ०.०४, ०.१५, ०.५१. पुढची पायरी येते ०.९९९६, दोन स्थळांत १.००. आणि एक आला की पुढचा आकडा शून्य, त्याच्या पुढचाही शून्य, आणि मग जन्मभर शून्य. आठव्या पायरीला केऑसचा अवतार समाप्त. हुशार मुलं म्हणायची, "मॅडम, हा आकडा वाईट निघाला, दुसरा घेतो." घे की. ०.२० घेतला तर ०.६४, ०.९२, ०.२९, ०.८२, ०.५९, ०.९७, ०.१२, ०.४२, आणि पुन्हा ०.९७. आता घाण्याचा बैल झाला, ०.९७, ०.१२, ०.४२ या तीन आकड्यांभोवती फिरत राहणार.

दोनच स्थळं हे अर्थातच मुद्दाम केलेलं कारस्थान होतं. पण कुठलंही डिजिटल हार्डवेअर हे कुठल्यातरी स्थळापाशी थांबतंच, आणि आकडे मोजके असले की कधी ना कधी जुना आकडा परत येतो. तो 'कधी ना कधी' आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार लवकर येतो. आकड्यांची संख्या जेवढी, साधारण तिच्या वर्गमुळाच्या घरात. आमच्याकडे स्पार्टन-३ या एफपीजीएचे कीट होते. १६ बिटांत लॉजिस्टिक मॅप बसवला तर ६५,५३६ स्थिती शक्य, पण फेरा पूर्ण होतो शंभर-दीडशेच्या आसपास, बऱ्याचदा त्याच्याही आधी. शिवाय तो चालवायला एक सबंध गुणाकार यंत्रणा खर्ची पडते. तेच १६ फ्लिप-फ्लॉप शिफ्ट रजिस्टरसारखे जोडून तीन-चार एक्स-ऑर दिले तर ६५,५३५ चिप पुनरावृत्तीशिवाय मिळतात. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की फळ्यासमोर शांतता पसरायची.

पीसीवर काम करणाऱ्यांना वाटतं, आपण यातून सुटलो. तिथे दुहेरी अचूकतेत ५३ बिट असतात, फेरा लाखा-कोटींत जातो, खरं आहे. पण त्यांच्यासाठी टेंट मॅप आहे. अर्ध्याच्या आत असेल तर दुप्पट करा, बाहेर असेल तर एकातून वजा करून दुप्पट करा. गणिताच्या पुस्तकात हा लॉजिस्टिकचा सख्खा भाऊ आहे, दोघांचा केऑस सारखाच. मॅटलॅबमध्ये ०.१ पासून चालवा आणि पंचावन्न-छप्पन फेऱ्यांनंतर बघा. सगळी शून्यं. दुप्पट करणं म्हणजे संगणकाच्या दृष्टीने बिट एक घर डावीकडे सरकवणं. सुरुवातीच्या आकड्यात होते तेवढे बिट एकेक करून बाहेर पडले, पुढे द्यायला काही शिल्लकच नाही. म्हणजे ही माळ मॅप निर्माण करत नव्हताच, सुरुवातीच्या आकड्यात जे दडलं होतं तेच तो एकेक करून बाहेर मांडत होता. लॉजिस्टिक मॅपमध्येही हेच घडतं, फक्त तिथे प्रत्येक गुणाकारात पूर्णांकनाची चूक होते आणि ती चूक नवे बिट पुरवत राहते. उलाम आणि फॉन नॉयमन यांनी हा मॅप यादृच्छिक आकडे काढण्यासाठी १९४७मध्येच विचारात घेतला होता, आणि १९५१मध्ये फॉन नॉयमन यांनी ही खोट लिहूनही ठेवली की अशा वेळी आपण खरं तर पूर्णांकनाच्या चुकांचाच यादृच्छिकपणा तपासत बसतो. आमच्या मुलांच्या संदर्भसूचीत हा लेख सहसा नसे. १९५१चं कोण वाचतं?

मधल्या वर्षांतल्या वैतागाचं कारण मात्र याहून साधं होतं. रिसीव्हर.

माळ कितीही बेभरवशाची असली तरी ती दोन ठिकाणी तंतोतंत तीच निघाली पाहिजे. केऑसच्या प्रेमात पडलेल्या माणसाला हे सुचत नाही, कारण सिम्युलेशनमध्ये ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच प्रोग्राममध्ये, एकाच चलातून वाचत असतात. परभणीकडची एक विद्यार्थिनी होती, हात अतिशय स्वच्छ, कोड लिहायची ते वाचताना बरं वाटे. तिला मी सांगितलं, "ट्रान्समीटर तू लिही, रिसीव्हर तुझ्या पार्टनरला लिहू दे, आणि एकमेकांचा कोड बघायचा नाही. फक्त समीकरण आणि सुरुवातीचा आकडा सांगायचा." तिने लिहिलं चार गुणिले क्ष गुणिले एक वजा क्ष. त्याने कंस सोडवून लिहिलं चार क्ष वजा चार क्ष वर्ग. बीजगणितात दोन्ही एकच. मशीनमध्ये गुणाकार-वजाबाकीचा क्रम बदलला की शेवटच्या बिटाचं पूर्णांकन बदलतं, आणि हा मॅप प्रत्येक फेरीला चूक सरासरी दुप्पट करतो. पन्नासेक फेऱ्यांपर्यंत दोघांच्या माळा हुबेहूब. पुढे रिसीव्हरच्या बेरजेत नुसता गोंगाट. दोघं बराच वेळ एकमेकांच्या इंडेक्सिंगवर संशय घेत बसले होते. मी चहाला गेले.

त्या काळातल्या पीसीवर हे आणखी रंगायचं. जुन्या इंटेल प्रोसेसरचं फ्लोटिंग पॉइंट युनिट आतल्या आत ८० बिटांत हिशेब करायचं आणि मेमरीत ठेवताना ६४ करायचं. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू केलं की तोच सोर्स कोड, तेच मशीन, आणि माळ वेगळी. ज्या गुणासाठी केऑस निवडला, तोच गुण उलटून अंगावर येतो. उपाय म्हणजे फिक्स्ड पॉइंट वापरा, कुठे किती बिट कापायचे हे दोन्ही टोकांना लेखी ठरवून द्या. पण मग आपण पुन्हा त्या शंभर-दीडशेच्या फेऱ्यात. मग तो फेरा मोडायला अधूनमधून एका शिफ्ट रजिस्टरने मॅपला धक्का द्या, असे लेख ढिगाने आहेत. ते वाचताना मला नेहमी वाटे, धक्का द्यायला शेवटी ज्याला बोलावता त्यालाच पहिल्यापासून काम का देत नाही?

गुपिताबद्दल थोडक्यात. लॉजिस्टिक मॅपमधला चारचा आकडा बदलून त्यालाच किल्ली मानायची, हाही मुलांचा आवडता विचार. ३.८३ ठेवून पाहा. क्ष थोड्या वेळात तीन आकड्यांत स्थिरावतो आणि तिथेच राहतो, इथे पूर्णांकनाचा काही दोष नाही, गणितातच ती खिडकी आहे. किल्ल्यांच्या जुडग्यात अशा कितीतरी किल्ल्या कुलपाला लागतच नाहीत. केऑस म्हणजे आपोआप सुरक्षित, हे मी कुठल्याही रिपोर्टमध्ये राहू दिलं नाही, आणि त्यावरून दोन-तीन मुलांशी वादही झाले.

एवढं सगळं झाल्यावर हा विषय मी बंदच करायला हवा होता. तो तगला याचं श्रेय इटलीतल्या तिघांना, फेराराचे मॅझिनी आणि सेत्ती, आणि बोलोन्याचे रोव्हाती. जपानमध्ये क्युशू विद्यापीठातले कोहदाही त्याच दिशेने जात होते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी प्रश्नच दुसरा विचारला. केऑसमधून बेभरवशाची माळ किती चांगली काढता येईल, हे सोडून त्यांनी विचारलं की बेभरवसा नेमका किती हवा. तोपर्यंत आम्ही सगळेच, म्हणजे पाठ्यपुस्तकंसुद्धा, आदर्श कोड म्हणजे नाणेफेक असं धरून चाललो होतो. शेजारच्या दोन चिपचा एकमेकींशी काही संबंध नसावा, हे उत्तम. ते उत्तम नाही, असं त्यांच्या गणितातून निघालं.

का नाही, हे आम्हाला लॅबमधल्या डीएसओच्या, म्हणजे डिजिटल ऑसिलोस्कोपच्या, पडद्यावर दिसलं. दोन कीट, प्रत्येकावर आपापलं ५० मेगाहर्ट्झचं क्रिस्टल. दोन्हीकडून सेकंदाला दहा लाख चिप. पहिल्या चॅनेलवर ट्रिगर लावला की ती माळ थबकून उभी राहते आणि दुसरी तिच्याखालून सावकाश सरकत जाते. कारण दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत वीसचा फरक असला तरी सेकंदाला वीस चिप घसरतात. लॅबमधले मामा येऊन म्हणाले, "मॅडम, प्रोब ढिला असंल." प्रोब ठीक होता. मोबाइलकडून टॉवरकडे जाणारे सिग्नल असेच असतात. प्रत्येक मोबाइल वेगळ्या अंतरावर, कुणाच्याही चिपच्या कडा कुणाशी जुळत नाहीत. म्हणून माझ्या एका चिपच्या काळात परक्याची एकच चिप येत नाही. एकीचं शेपूट येतं आणि पुढचीचं डोकं.

आता पडद्यावर बोट ठेवून पाहा. परक्याच्या त्या दोन शेजारी चिप एकाच चिन्हाच्या असतील तर माझ्या बेरजेत त्यांचा पूर्ण वाटा पडतो. विरुद्ध चिन्हांच्या असतील तर शेपूट आणि डोकं एकमेकांना खातात. कड बरोबर मध्यावर आली तर वाटा शून्य, आणि सगळ्या शक्य सरकण्यांची सरासरी काढली तर त्रासाची शक्ती एक-तृतीयांश. म्हणजे चिन्ह पुन्हा पुन्हा पलटणारी माळ परक्याला कमी त्रास देते. मग प्रत्येक चिपला पलटावं का? तेही नाही. सगळेच जर अधिक-उणे-अधिक-उणे चालायला लागले तर सगळ्यांच्या माळा एकसारख्या, आणि वेगळेपणाच संपला. या दोन ओढींच्या मध्ये कुठेतरी तोल आहे, आणि त्याचा पत्ता काढता येतो. शेजारच्या चिपमधलं नातं उणे दोन अधिक वर्गमूळ तीन, म्हणजे उणे ०.२६८ हवं, एक चिप सोडून पुढचीशी त्याचा वर्ग, आणि असंच घसरत जाणारं. साध्या भाषेत, शंभर वेळा पुढची चिप लिहिताना नाणेफेकीत पन्नासदा चिन्ह पलटतं, इथे ते त्रेसष्टदा पलटायला हवं. परक्यांचा त्रास तेवढ्याने सुमारे १३ टक्के घटतो, आणि त्याच दर्जात सुमारे १५ टक्के जास्त लोक बसतात.

हे पहिल्यांदा उलगडलं तेव्हा मी दोन दिवस प्रत्येक भेटणाऱ्याला सांगत होते, घरच्यांनाही. माझ्या दृष्टीने केऑसचं खरं काम हे होतं. लॉजिस्टिक मॅपचा पोरखेळ सोडून, सरळ रेषांचे तुकडे जोडून असा मॅप बांधायचा की त्यातून निघणाऱ्या माळेत शेजाऱ्यांचं नातं आपल्याला हवं तेवढंच येईल, आणि ते गणिताने आधीच सिद्ध करता येईल. माळ एकदा काढायची, चाळायची, आणि दोन्ही टोकांना टेबलात साठवून ठेवायची. रिसीव्हरने मॅप चालवायचाच नाही. पूर्णांकन, कंपायलर, क्रिस्टल, सगळी भांडणं तिथेच मिटली.

धंद्याच्या दृष्टीने याला फारसं कुणी विचारलं नाही, हेही खरं. १५ टक्के म्हणजे कमी नाही, पण तोवर थ्रीजीच्या मानकात गोल्ड कोडांनी जागा धरली होती, मोबाइलची शक्ती सेकंदाला शेकडो वेळा कमी-जास्त करून मिळणारा फायदा याच्या कितीतरी पट होता, आणि एलटीईने तर परक्यांना एकमेकांवर रचण्याची पद्धतच सोडली. आपल्याकडे फोरजी आलं आणि सीडीएमएचे हँडसेट खणात गेले. आता स्प्रेडिंग कोडांचा विषय निघतो तो उपग्रह दिशादर्शनात, आणि तिथे सगळे सिग्नल एका घड्याळाला बांधलेले असले तरी जमिनीवर पोचेपर्यंत कडा विस्कटतातच.

या विषयावरच्या शेवटच्या व्हायव्हाला आलेले एक्स्टर्नल संरक्षण क्षेत्रातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी रिपोर्ट शांतपणे चाळला, कीटवरचा प्रयोग पाहिला आणि विद्यार्थ्याला विचारलं, "अहो, यात केऑस कुठाय? मला तर नुसतं टेबल दिसतंय." पोरगा गडबडला नाही. म्हणाला, "सर, केऑस डिझाइनमध्ये आहे. हार्डवेअरमध्ये ठेवला तर ते चालत नाही." एक्स्टर्नलना उत्तर बहुतेक आवडलं, कारण त्यांनी लगेच पुढचं खुसपट काढलं. "त्रेसष्टला इतका फायदा होतो ना? मग पंच्याहत्तर करा. आणखी होईल."

मुलाने लॅपटॉपवर नवं टेबल काढलं, कीटमध्ये भरलं, आणि परक्यांच्या त्रासाचं मोजमाप पुन्हा लावलं. आकडा नाणेफेकीच्या आकड्यापाशी येऊन थांबला. फायदा सगळा गेला, गणितातही पंच्याहत्तरला नेमकं हेच येतं. एक्स्टर्नल खुर्ची पुढे ओढून बसले. "नव्वद करा," म्हणाले. नव्वदला त्रास नाणेफेकीच्या दुपटीच्याही वर गेला. मग त्यांनी साठ करायला लावलं, मग पासष्ट. बाहेर पुढची तीन मुलं टाय सावरत ताटकळत उभी होती, आणि मामा दोनदा दार उघडून बघून गेले.